गाण्याचा सातबारा

स्वतंत्र बँड म्हणजे स्वतः रचलेलं गाणं स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करून स्वतःच्याच नावाने लोकांपुढे आणणारा गायक-वादकांचा गट. गाणी रचणारे पुष्कळ असतात आणि पदरचे पैसे घालून स्टुडिओत जाणारेही कमी नसतात. पण तयार झालेलं ध्वनिमुद्रण शेवटी कोणाच्या नावावर राहतं, यावर बँड स्वतंत्र आहे की नाही हे ठरतं. रेकॉर्ड कंपनी स्टुडिओ, चित्रीकरण, जाहिरात आणि वितरण यांचा खर्च उचलते आणि मोबदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी घेते. स्वतंत्र बँड खर्चही सोसतो आणि मालकीही राखतो. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र यावरून आलेलं ‘इंडी पॉप’ हे नाव आज हलक्या गिटारच्या, मृदू आवाजातल्या गाण्यांच्या शैलीला चिकटलेलं असलं, तरी ते मुळात व्यवहाराचं नाव आहे.

एकाच गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. शब्दांवर गीतकाराचा आणि चालीवर संगीतकाराचा हक्क असतो. तो त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो आणि तो निर्मात्याचा असतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रण करण्यात पुढाकार घेणारी आणि त्याची जबाबदारी उचलणारी व्यक्ती. ही व्याख्या छोट्या बँडच्या फार उपयोगाची आहे. तासाचं भाडं घेऊन खोली आणि माइक देणारा स्टुडिओमालक तेवढ्यावरून गाण्याचा मालक होत नाही. पुढाकार आणि जबाबदारी ज्या बँडची, मास्टर त्याचं. जमिनीच्या व्यवहारात सातबारा पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. गाण्याच्या व्यवहारात मात्र हा प्रश्न गाणं चालायला लागल्यावरच निघतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

भारतात ध्वनिमुद्रणाची सुरुवात 1902 साली ग्रामोफोन कंपनीने केली. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदह इथे तिचा कारखाना उभा राहिला आणि पुढची सात दशकं तबकडी म्हणजे जवळजवळ तिची ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एचएमव्ही) असंच समीकरण होतं. मुंबईत 1935 साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ ही देशी तबकडी काढली आणि ती 1955 पर्यंत तग धरून राहिली. पण तबकडी छापायला कारखाना लागतो. कारखाना नसलेल्या गायकाला कंपनीच्या दारात उभं राहण्यावाचून उपाय नव्हता.

हे दार पहिल्यांदा कॅसेटने मोडलं. 1980 च्या दशकात स्वस्त टेपरेकॉर्डर आणि नकला काढणारी यंत्रं गावोगाव पोचली. गुलशन कुमार यांची टी-सीरीज 1983 मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आत एचएमव्हीची मक्तेदारी संपली. संगीताचे अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात याच घडामोडीची नोंद केली आहे: माध्यम स्वस्त झालं की बोलीभाषेतलं, जातिसमूहांचं, देवस्थानांचं संगीत बाजारात येतं. मराठीत भीमगीतं, कोळीगीतं, लोकगीतं आणि भक्तिगीतं यांना कॅसेटनेच घराघरांत नेलं. तरीही कॅसेट कंपन्यांचा रिवाज गायकाला एकरकमी मानधन देऊन सगळे हक्क लिहून घेण्याचाच राहिला. गाणं गावाचं झालं, मालकी कंपनीकडेच राहिली.

मालकी स्वतःकडे ठेवण्याची कल्पना त्याआधीच इंग्लंडमध्ये रुजली होती. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने मित्र आणि घरच्यांकडून 500 पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी जानेवारी 1977 मध्ये स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती संपल्या आणि पुढे खप 16,000 पर्यंत गेला. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात पार पडलं, हेही तिच्यावर छापलं होतं. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्सने आपली पहिली तबकडी 153 पौंडांत काढून दाखवली. 1980 पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी खपयादी छापली जाऊ लागली आणि ‘इंडी’ हा शब्द तिथून रूढ झाला. 1986 मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ साप्ताहिकाने 22 बँडची ‘सी 86’ ही कॅसेट काढली. तिच्यामुळे ‘इंडी पॉप’ म्हणजे अमुक प्रकारचा आवाज, हा समज पक्का झाला. व्यवहाराचं नाव शैलीचं झालं ते इथे.

मुंबईत 1984 साली सुरू झालेल्या रॉक मशीनसारख्या बँडनाही पहिला अल्बम 1988 मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीकडूनच काढावा लागला. चित्र पालटलं ते इंटरनेट आल्यावर. दिल्लीच्या इंडियन ओशनने 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ या अल्बममधली गाणी दर महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. त्याच वर्षी पुण्यात एनएच 7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि स्वतंत्र बँडना मोठा मंच मिळाला. इंग्रजी आणि हिंदीत गाणाऱ्या शहरी बँडची ही कहाणी मासिकांतून अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्या शेजारीच मराठीत एक दुसरी कहाणी घडत होती, आणि तिला कोणी इंडी म्हणत नव्हतं.

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाडनंतर आंबिवली स्टेशन येतं. त्याला लागून उल्हास नदीच्या काठी मोहने आहे. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याने या गावाची औद्योगिक ओळख घडवली. 2009 मध्ये तो कारखाना बंद पडला. कारखान्याच्या वसाहतीत राज्यातून आणि राज्याबाहेरून माणसं आली. पण आटाळी, वडवली, आंबिवली, मोहने या पट्ट्याचा जुना सूर आगरी-कोळी गावांचाच. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई ते रायगड असा हा सलग मुलूख आहे, आणि त्यात हळदीची रात्र हा लग्नाइतकाच, कधी लग्नाहूनही मोठा सोहळा असतो. त्या रात्रीला गाणी लागतात. पूर्वी ती धवलारीण पुरवायची. धवळे म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, आणि ती मुखोद्गत असलेली, विधी चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या जोडीला ब्रास बँड आला, मग बँजो पार्टी आली. कळा असलेलं तारवाद्य, ऑक्टापॅड, ढोल-ताशा आणि कीबोर्ड यांची ती मंडळी हळद, गणपती, दहीहंडी अशा सुपाऱ्या घेत गावोगाव वाजवत आली आहेत.

याच वादकांच्या हाती संगणक आणि यूट्यूब आलं तेव्हा त्यांनी कुठल्या कंपनीची वाट पाहिली नाही. गावातला एक जण शब्द लिहितो, दुसरा चाल बांधतो, बँजोतला कीबोर्डवाला ट्रॅक करतो, घरातले आणि मित्र चित्रीकरणात नाचतात, आणि गाणं मंडळींच्या स्वतःच्या चॅनेलवर टाकलं जातं. गाण्यात आगरी बोली असते, कार्ल्याची एकवीरा आई असते, गावदेवी असते, गावाचं नाव असतं. प्रसिद्धीचं वेळापत्रक गावाच्या पंचांगाप्रमाणे चालतं. एकवीरेचं गाणं चैत्रातल्या पालखीच्या आधी येतं, हळदीची गाणी तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उघडताना, कोळीगीत नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, गोविंदाचं श्रावणात. ऐकणारा कोण, तो गाणं कुठे आणि कधी वाजवणार, हे इतकं नेमकं माहीत असणं शहरी बँडच्या वाट्याला क्वचितच येतं. मालकीच्या कसोटीवर पाहिलं, तर हळदीचं गाणं हेच मराठीतलं सर्वांत जिवंत इंडी पॉप आहे. मासिकांनी आणि महोत्सवांनी त्याला ते नाव दिलं नाही, हा त्या गाण्यांचा दोष नव्हे.

या पट्ट्याबाहेरही मराठीत स्वतंत्र गाणं आता ठळकपणे दिसतं. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटाने 2019 मध्ये आरेच्या केल्टीपाड्यातले वारली कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं आणि आरेच्या जंगलाचा प्रश्न गाण्यातून मांडला. जळगाव जिल्ह्यातल्या धानवडच्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये देशभर वाजलं. त्याचं संगीत त्यांचे बंधू गौरव, म्हणजे जी-स्पार्क यांचं आहे आणि ते संजू यांच्या स्वतःच्या चॅनेलवरून आलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या डच कंपनीच्या शिक्क्याने जगभर गेलं. दोन्ही गाणी मराठी, दोन्ही तरुणांची, दोन्ही घरगुती यंत्रणेवर करता येतील अशा घडणीची. पण बाजारात येण्याचे त्यांचे रस्ते वेगळे. शिक्का घेणं चूक नाही. कंपनीची पोच घेताना आपण काय देतो आहोत, हे कळून द्यावं, इतकंच.

आता प्रत्यक्ष काम. गाण्याची सुरुवात बहुधा मोबाइलवर गुणगुणून ठेवलेल्या मुखड्यापासून होते. पट्टी आणि लय ठरली की संगणकावर कच्चा ट्रॅक तयार होतो. त्यासाठी क्यूबेस, एफएल स्टुडिओ, लॉजिक किंवा स्वस्तातलं रीपर यांपैकी काहीही चालतं. कच्च्या ट्रॅकवर गायक ‘स्क्रॅच’ गातो. हा आवाज फेकून द्यायचाच असतो, पण त्याच्यामुळे अंतरा लांबतो आहे का, कोरस कुठे घ्यायचा, श्वास कुठे तुटतो हे समजतं. पुष्कळ हौशी बँड ही पायरी गाळतात आणि मग भाड्याच्या स्टुडिओत, घड्याळाकडे बघत, शब्द बदलत बसतात. स्क्रॅच ऐकून अरेंजिंग पक्कं होतं, त्यानंतर खरी वाद्यं वाजवली जातात आणि शेवटी गायकाचं डबिंग.

सिंथेसायझर, बास, ड्रम हे सगळं संगणकात मिळतं. ढोलकी, संबळ, ताशा यांचे तयार तुकडेही मिळतात, पण तिथे पैसे वाचवू नयेत. ढोलकीची धुमपुडी घासून निघणारा घुमारा तयार तुकड्यात एकसारखाच राहतो, आणि मराठी कानाला ते दुसऱ्या आवर्तनातच कळतं. एक चांगला ढोलकीवाला तासाभरासाठी बोलावला तरी गाण्याचा नूर बदलतो.

घरी ध्वनिमुद्रण करायला लागणारं सामान थोडं आहे: दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद कपांचे हेडफोन. मोहने-आंबिवलीसारख्या ठिकाणी खरी अडचण असते ती शांततेची. कंडेन्सर माइक पंख्याची घरघर, शेजारचा कुकर आणि दूर गेलेली लोकलसुद्धा टिपतो. त्यामुळे घरचं डबिंग रात्री उशिरा होतं, पंखा बंद करून आणि भिंतीवर गोधड्या टांगून. गोधडीमुळे बाहेरचा आवाज थांबत नाही. खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये येतो तो कमी होतो. एवढ्यानेही फरक पडतो, कारण आवाजाबरोबर मुद्रित झालेली खोलीची गूंज नंतर पुरती काढता येत नाही. उलट कोरड्या मुद्रणात हवी तेवढी गूंज मागाहून घालता येते.

मिक्सिंग म्हणजे प्रत्येक वाद्याची पातळी, जागा आणि पोत ठरवणं. मास्टरिंग म्हणजे पूर्ण झालेल्या मिश्रणाला शेवटचा हात देऊन ते सगळ्या यंत्रांवर बरं वाजेल असं करणं. इथे एक गैरसमज खोल रुजला आहे: गाणं जितकं मोठ्याने वाजेल तितकं चांगलं. स्पॉटिफाय प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी साधारण उणे 14 एलयूएफएस या मापाला आणून ऐकवतं. त्याहून मोठं केलेलं गाणं ते खाली ओढतं, आणि मोठं करताना ठेचून सपाट केलेले ताशाचे ठोके तसेच सपाट राहतात. हळदीच्या मांडवातल्या डीजेच्या भिंतीवर वाजणाऱ्या गाण्याची गरज वेगळी असते. तिथे खर्ज आवरून घ्यावा लागतो, नाहीतर शब्दच ऐकू येत नाहीत. म्हणून जाणते मिक्सिंगवाले एकाच गाण्याची मोबाइलसाठी एक आणि मांडवासाठी एक अशा दोन प्रती काढून देतात.

गाणं तयार झालं की वितरण. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं. जिओसावन, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक हीही दुकानं आहेत. स्पॉटिफाय, ॲपलसारखी बडी दुकानं गाणं थेट बँडकडून न घेता वितरकामार्फत घेतात. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही अशा वितरकांची परिचित नावं. कोणी वर्षाची वर्गणी घेतो, कोणी गाण्यामागे एकदाच पैसे घेतो, कोणी उत्पन्नातला हिस्सा घेतो. वर्गणी थांबल्यावर गाणी दुकानातून उतरतात का, हे आधी विचारावं. बँडकॅम्प हा निराळा रस्ता आहे. तिथे श्रोता गाणं सरळ विकत घेतो आणि दुकान साधारण 15 टक्के ठेवतं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. त्यात नोंदणी करणाऱ्याचा संकेत आणि वर्ष असतं, आणि गाणं जगात कुठेही वाजलं तरी त्याचा हिशोब या क्रमांकावर होतो. वितरक हा क्रमांक देतो. वितरक बदलताना जुनाच क्रमांक पुन्हा वापरला नाही, तर आधीची ऐकणाऱ्यांची संख्या नव्या नोंदीशी जुळत नाही. माहितीच्या रकान्यांतही असाच गोंधळ होतो. गीतकाराचं नाव एका गाण्यात एका स्पेलिंगने आणि दुसऱ्या गाण्यात दुसऱ्या स्पेलिंगने टाकलं की यंत्राच्या लेखी ती दोन माणसं होतात. मराठी नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की बँडने एक तऱ्हा ठरवून ती कायम पाळावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते प्रसिद्धीच्या किमान आठवडाभर आधी चढवलेलं असावं लागतं. एकवीरेचं गाणं पालखीच्या आदल्या रात्री मिक्स करणाऱ्यांना ही सोय वापरता येत नाही.

पैसा कसा येतो, याचं उत्तर सरळ नाही. स्पॉटिफाय दर ऐकण्यामागे ठरलेली रक्कम देत नाही. जमा रकमेतला वाटा एकूण ऐकण्यांतल्या हिश्श्याप्रमाणे देतं. 2024 पासून बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यातलं काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं, किंवा 90 दिवसांत छोट्या व्हिडिओंची एक कोटी दृश्यं लागतात. हे आकडे गाठले तरी बहुतेक बँडचं घर त्यावर चालत नाही. चालतं ते कार्यक्रमांवर. हळदीची, गणपतीची, नवरात्राची सुपारी गाणं गाजल्यावर वाढते. ध्वनिमुद्रण ही त्या सुपारीची जाहिरात असते. त्यामुळे आगरी पट्ट्यातल्या कलावंताला दृश्यांच्या आकड्याहून गावातल्या किती मांडवांत गाणं वाजलं याचं मोल अधिक वाटतं, आणि ते योग्यच आहे.

रचनेचं उत्पन्न वेगळ्या वाटेने येतं आणि तेच सर्वांत जास्त वेळा हुकतं. गीतकार आणि संगीतकारांच्या वतीने ते गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. ती 1969 मध्ये स्थापन झाली आणि 2017 मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची पुन्हा नोंदणी झाली. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम, ऑनलाइन दुकानं यांच्याकडून येणारा रचनेचा मोबदला तिच्यामार्फत मिळतो, पण त्यासाठी सदस्य व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठं बळ दिलं. रचनेचे हक्क कोणाला लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा सोडता येत नाही. सोडल्याचं लिहून घेतलं तरी ते कलम टिकत नाही. हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत एवढाच धरला जातो. अनेक करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द असतात ते याचसाठी.

बाहेरच्या कराराइतकाच बँडच्या आतला करार महत्त्वाचा. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, ट्रॅक तिसऱ्याने केलेला, खर्च चौथ्याने भरलेला, चॅनेल पाचव्याच्या ईमेलवर. गाणं चाललं नाही तर यातलं काहीच अडत नाही. चाललं तर सगळंच अडतं, आणि बँड फुटल्यावर चॅनेलचा पासवर्ड ज्याच्याकडे तो मालक असल्यासारखा वागतो. डबिंगच्या दिवशीच एका कागदावर रचनेतले आणि मास्टरमधले प्रत्येकाचे टक्के लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या की हे टळतं.

पारंपरिक गाण्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पिढ्यान्‌पिढ्या गायला जाणारा धवळा कोणा एकाच्या मालकीचा नाही; तो कोणीही नव्याने मुद्रित करावा. पण एखाद्याने आपलं मुद्रण यूट्यूबच्या कंटेंट आयडी या ओळख-यंत्रणेत नोंदवलं, की तोच धवळा दुसऱ्या गावच्या मंडळींनी गायला तरी त्यांच्यावर दावा लागू शकतो. अशा वेळी हरकत नोंदवता येते. गाणं चढवताना गीत आणि संगीत या रकान्यांत ‘पारंपरिक’ असं लिहून आपण केलेलं संयोजन तेवढं आपल्या नावावर दाखवलं, तर बाजू भक्कम राहते. धवलारणीकडून गाणं घेऊन त्यावर ट्रॅक बांधणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धवळा सर्वांचा असला तरी तिचा आवाज तिचाच आहे. कलाकार म्हणून तिच्या सादरीकरणावर कायद्याने तिला 50 वर्षांचा हक्क दिला आहे. ते मुद्रित करायला आणि विकायला तिची संमती लागते, आणि गाण्याच्या माहितीत गायिका म्हणून तिचं नाव यावं लागतं.